फार लवकर आलेले निरोप

मित्रांनो, मी रेडिओ आहे, पण माझ्यापुढे गाण्याची फर्माईश करू नका. मला गाणी लावता येत नाहीत, बातम्या सांगता येत नाहीत, आणि फिरवायला माझ्या अंगावर एक बटणही नाही. मोबाइलच्या टॉवरच्या टोकाशी, लोखंडी नळीला दोन पट्ट्यांनी आवळलेली उशीएवढी पेटी तुम्ही कधीतरी पाहिली असेल. ती मी. अकरा वर्षांपूर्वी मी पांढराशुभ्र होतो. आता माझा रंग दुधाळ चहासारखा झाला आहे, आणि डाव्या खांद्यावर कबुतरांनी माझा कसलाही मान न राखता जे करायचे ते केले आहे. तरी मी मजेत आहे. का, ते सांगतो.

आधी माझे काम समजून घ्या. तुम्ही फोनवर बोललात की फोनमधून लहरी निघतात. त्या मी पकडतो, त्यांचे आकडे करतो आणि केसासारख्या बारीक काचेच्या धाग्यातून खाली पाठवतो. टॉवरच्या पायथ्याशी एका लोखंडी कपाटात दुसरी पेटी असते. विचार करण्याचे काम तिचे. कोणाचा निरोप आधी, कोणाचा नंतर, कोणाला किती जागा द्यायची, हे ती ठरवते आणि उत्तराचे आकडे वर पाठवते. मी त्यांच्या पुन्हा लहरी करून हवेत सोडतो. थोडक्यात, मी कान आणि गळा, ती डोके. तुमच्या बोलण्यातला एक शब्दही आम्हाला कळत नाही बरे का. ते सारे कुलूपबंद असते. आम्ही फक्त पोहोचवतो.

माझा जन्म एका लांबलचक, थंड खोलीत झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात हिरव्या पट्ट्या बसवल्या, पाठीला उष्णता सोडणारी ॲल्युमिनियमची पाती लावली आणि मला एका विचित्र खोलीत नेले. तिच्या भिंतींना, छताला, जमिनीलाही स्पंजचे टोकदार सुळके होते. तिथे हाक मारली तर प्रतिध्वनी येत नाही. आयुष्यातली पहिली हाक मी तिथे मारली आणि काहीच परत आले नाही. मला वाटले, झाले, मी मुकाच निघालो. पण पलीकडे काचेमागे बसलेल्या बाई मान डोलावून म्हणाल्या, "आवाज छान आहे याचा." ती माझी पहिली शाबासकी.

माझ्याआधीच्या पिढीची गोष्ट वेगळी होती. तेव्हा प्रत्येक कंपनीची पेटी फक्त आपल्या घरची बोली बोलायची. वरची पेटी एका कंपनीची असली की खालचीही तिचीच हवी. दुसऱ्या घरची पेटी शेजारी आणून ठेवली तर दोघी समोरासमोर बसून राहायच्या, मख्ख. एक बिघडली की दुसरी धडधाकट असूनही भंगारात जायची.

मग बऱ्याच कंपन्यांची माणसे एका टेबलाभोवती बसली. कित्येक वर्षे भांडली, चहा प्यायली, पुन्हा भांडली आणि त्यांनी मिळून एक पुस्तक लिहिले. वरच्या पेटीने खालच्या पेटीशी कसे बोलायचे, आकडे कोणत्या क्रमाने मांडायचे, आपली तब्येत कशी कळवायची, असे सगळे त्यात होते. मुख्य म्हणजे ते पुस्तक कोणालाही वाचता येत होते. मी त्या पुस्तकावर वाढलो.

त्यातला वेळेचा धडा मला सर्वांत आवडायचा, आणि पुढच्या गोष्टीसाठी तो तुम्हालाही लागेल. खालून येणाऱ्या प्रत्येक निरोपासाठी माझी एक खिडकी ठरलेली असते. सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या काही मोजक्या भागांपुरती ती उघडते. निरोप उशिरा आला तर त्याची वेळ निघून गेलेली असते. फार लवकर आला तरी पंचाईत, कारण त्याला बसवून ठेवायला माझ्याकडे ओसरी नाही. दोन्ही निरोप मी टाकून देतो. मात्र वेळेवर किती आले, उशिरा किती आले, लवकर किती आले, हे तीन आकडे मी न चुकता मोजून ठेवतो. मागेल त्याला दाखवतो.

कारखान्यातून मला एका मेळाव्याला नेले. मोठ्या दालनात लांब टेबले, आणि एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या आपापल्या पेट्या घेऊन आलेल्या. नियम एकच, स्वतःच्या पेटीशी बोलायचे नाही, परक्या पेटीशी बोलायचे. पहिल्या दिवशी माझे तिघांशी जमले नाही. दुसऱ्या दिवशी दूरदेशीच्या एका काळ्या पेटीला माझा धागा जोडला. मी पुस्तकातला नमस्कार केला, तिने पुस्तकातलेच उत्तर दिले, आणि दोघांचेही दिवे हिरवे झाले. आमच्या दोन्ही कंपन्यांच्या इंजिनिअरांनी आनंदाने एकमेकांना मिठी मारली. मग आपण प्रतिस्पर्धी आहोत हे आठवून ते घाईघाईने आपापल्या लॅपटॉपकडे वळले.

त्यानंतर मी या टॉवरवर आलो.

खाली एक अरुंद गल्ली आहे. टॉवरला लागून दोन मजली घर. खालच्या मजल्यावर शिवणकामाचे दुकान, वर शिंपीकाका आणि काकू राहतात. काकूंना जन्मापासून ऐकू येत नाही. त्या हातांनी बोलतात, आणि खूप बोलतात. प्रत्येकासाठी त्यांची एक खूण आहे. माझ्यासाठी दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढून त्यावर तळवा ठेवतात. शहरात असलेल्या मुलीसाठी डाव्या भुवईला दोन बोटे लावतात, कारण लहानपणी ती दुकानातल्या टेबलाच्या कडेवर आपटली होती आणि तिथे अजून वण आहे.

मला वर चढवले खारदादांनी. त्यांना खारीसारखे चढता येते, म्हणून हे नाव. इतक्या उंचीवरून ओरडलेले खाली ऐकू येत नाही, म्हणून टॉवरवर चढणारी माणसेही हातांनीच बोलतात. हात गोल फिरवला म्हणजे दोर ओढा. मूठ वर म्हणजे थांबा. दोन्ही हात डोक्यावर जोडले म्हणजे सगळे ठीक. त्या दिवशी दोर ओढणारा माणूस क्षणभर बेसावध होता, आणि मी अर्ध्यावर नळीला आपटणार होतो. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी मूठ वर केली. खालच्या माणसाने ती पाहिली आणि तो थांबला. खारदादांनी वरून काकूंना हात जोडले. तेव्हापासून त्या दोघांची मैत्री.

खालच्या कपाटातली माझी पहिली जोडीदार माझ्याच कंपनीची होती. सहा वर्षे आमचे छान चालले. रोज दुपारी दुकान बंद झाले की काकू गच्चीवर येत, फोन कपडे वाळवायच्या दोरीला चिमट्याने अडकवत, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि मुलीशी हातांनी बोलत. ती कुलूपबंद चित्रे माझ्यातूनच जायची. काकू हसल्या की मला वाटायचे, यात आपलाही एक चिमूटभर वाटा आहे.

पण मित्रांनो, खालच्या कपाटाला एक जाळी होती, आणि जाळीमागे पंखा. शिंपीकाकांच्या दुकानातून दिवसभर कापडाची तूस उडायची आणि जाळीवर बसायची. सुरुवातीला दर महिन्याला कोणीतरी ती ब्रशने झाडून जाई. मग दोन महिन्यांनी. मग कोणीच येईना. पेटी चालू आहे ना, मग कशाला जायचे, असे त्यांना वाटत असावे. तूस जाड होत गेली. जाळीवर जणू एक गोधडीच तयार झाली. एका उकाड्याच्या दुपारी पंखा थांबला आणि माझी जोडीदार आतल्या आत तापून गेली. मी हाक मारली. उत्तर आले नाही. स्पंजच्या खोलीतल्यासारखे वाटले.

आमच्या कंपनीने तोवर पेट्या बनवणेच बंद केले होते. तशी दुसरी पेटी कुठेही मिळेना.

गल्लीत घरोघरी जाणारी इंटरनेटची तार अजून आलेली नव्हती. लांबच्या एका टॉवरचा क्षीण आवाज इथे कसाबसा पोहोचायचा. त्यावर साधे बोलणे व्हायचे, लिहिलेला निरोप जायचा, चित्र मात्र जायचे नाही. सगळ्यांची गैरसोय झाली. काकूंचे तर बोलणेच थांबले. मुलीचे लिहिलेले निरोप येत होते, पण लिहिलेल्या निरोपात हात नसतात. आणि मुलीला पुढच्या महिन्यात पहिले बाळ व्हायचे होते. सतरा दिवस काकू रोज दुपारी गच्चीवर आल्या, दोरीला फोन अडकवला, फिरणारे चक्र पाहत बसल्या आणि खाली गेल्या.

अठराव्या दिवशी, बुधवारी, एक गाडी आली. तिच्यातून खारदादा उतरले आणि त्यांच्यामागून एक इंजिनिअर मॅडम, काखेत लॅपटॉप, हातात निळ्या रंगाची नवी पेटी. दुसऱ्याच कंपनीची. मॅडमनी शिंपीकाकांना समजावून सांगितले, "काका, ही पेटी आणि वरचा रेडिओ एकाच पुस्तकातले आहेत. यांचं जमलं तर आज संध्याकाळीच टॉवर सुरू."

"आणि नाही जमलं तर?"

"शुक्रवारी पाचपर्यंत मुदत आहे. नाहीतर शनिवारी सगळंच काढून नेणार. नवा संच यायला आठ महिने तरी लागतील."

काकांनी हे काकूंना हातांनी सांगितले. आठ महिने सांगताना त्यांची बोटे फार हळू उघडली. काकूंनी भुवईला दोन बोटे लावली, मग पोटावर हात गोल फिरवला. आठ महिन्यांत बाळ रांगायला लागेल, एवढेच त्यांनी म्हटले.

निळी पेटी कपाटात बसली. तिने नमस्कार केला, मी उत्तर दिले. माझ्या मनात आले, जमले. मेळाव्याला इतकी वर्षे झाली, तरी मी काही विसरलो नव्हतो. मग खरे काम सुरू झाले आणि तिचे निरोप येऊ लागले. सगळे लवकर. खिडकी उघडण्याच्या कितीतरी आधी. मी ते टाकत गेलो आणि मोजत गेलो. लवकर एक, लवकर दोन, लवकर हजार, लवकर दहा लाख.

मॅडमच्या लॅपटॉपवर हे दिसायला हवे होते. पण त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी सोय म्हणून एक आटोपशीर पान बनवले होते. त्यात 'वेळेवर' आणि 'उशिरा' हे दोनच रकाने होते. लवकर आलेला निरोप त्यांच्यापैकी कोणी कधी पाहिलाच नव्हता, म्हणून तिसरा रकाना त्यांनी गाळला होता. वेळेवर शून्य. उशिरा शून्य. मॅडमना वाटले, निरोप वर पोहोचतच नाहीत.

मग जे व्हायचे ते झाले. बुधवारी खारदादा दोनदा वर चढले आणि धाग्याचे टोक पुसून गेले. गुरुवारी तीनदा चढले, धागाच बदलला. मी गप्प. मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि मला नेमके तेवढे सोडून सगळे विचारले जात होते.

शुक्रवारी दुपारी खारदादा दुकानाच्या पायरीवर घाम पुसत बसले आणि मॅडमना म्हणाले, "ताई, माझं ऐका. वरचा डबा म्हातारा झालाय. बहिरा झालाय."

शिंपीकाका सुईत दोरा ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "बहिरं असलं म्हणून बोलणं थांबत नाही रे. आमच्याकडे ये एकदा, दिवसभर झापते मला."

काकूंनी ओठांवरून ते बरोबर ओळखले आणि नवऱ्याच्या खांद्यावर मापाची टेप मारली. खारदादा हसले. मॅडमना मात्र हसू आले नाही. तीन वाजून गेले होते. तीन दिवस काकूंनी त्यांना पाणी दिले होते, चहा दिला होता, दोन-चार खुणाही शिकवल्या होत्या. आता 'माफ करा, उद्या सगळं काढावं लागणार' हे आपणच काकूंना सांगायचे, असे त्यांनी ठरवले.

काकू चहाचे कप टेबलावर ठेवत होत्या. मॅडमनी हात उचलले आणि खुणा केल्या. काकूंनी वर पाहिले तेव्हा शेवटचे बोट तेवढे हवेत होते. काकूंनी 'काय?' म्हणून तळवा उलटा केला आणि साखरेकडे वळल्या. मॅडमनी घाईने पुन्हा पहिल्यापासून केले. पुन्हा काकूंना फक्त शेपूट दिसले. तिसऱ्या वेळी मॅडमनी आणखी घाई केली, तेव्हा शिंपीकाकांनी सुई खाली ठेवली.

"मॅडम, हात बरोबर आहेत तुमचे. तुम्ही लवकर सुरू करताय."

"लवकर? मला वाटलं मी उशीर करतेय."

"उलट आहे. आधी तिची नजर तुमच्याकडे येऊ द्या, मग हात उचला. नजर वळायच्या आत बोललेलं सगळं फुकट. तिला वाटतं, तुम्ही काही बोललाच नाहीत."

मॅडमचे हात हवेतच राहिले. मग त्या लॅपटॉपकडे गेल्या. खारदादा तोवर शेवटचा प्रयत्न म्हणून पट्टा बांधून पुन्हा माझ्याकडे निघाले होते. मॅडमनी ते आटोपशीर पान बंद केले आणि पुस्तकात सांगितलेली माझी मूळ यादी उघडली. तीन दिवसांत पहिल्यांदाच मला कोणी पूर्ण विचारले. मी पूर्ण सांगितले. वेळेवर शून्य. उशिरा शून्य. लवकर, आणि पुढे एवढा लांब आकडा, की तो पडद्याच्या कडेला जाऊन भिडला.

मॅडम बाहेर आल्या, मान वर करून उभ्या राहिल्या, खारदादांची नजर खाली येईपर्यंत थांबल्या आणि मग मूठ वर केली. काकूंनी मागून समाधानाने मान डोलावली.

खारदादा उतरले. "आत्ताच तर चढलो होतो, ताई."

"वरच्या डब्याला काही झालेलं नाही. बुधवारपासून तो तेच मोजून ठेवतोय, मी वाचलं नाही. दादा, धागा किती लांबीचा आहे?"

"पस्तीस मीटर. गुंडाळी धरून चाळीस."

मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि पेटीत लिहिलंय वीस किलोमीटर."

त्यांच्या प्रयोगशाळेत एक भले मोठे रीळ आहे, वीस किलोमीटर काचेच्या धाग्याचे. बहुतेक ठिकाणी खालची पेटी टॉवरपासून लांब असते, म्हणून तिथे त्या रिळावर तपासणी करतात. निळी पेटी त्या रिळाला सरावली होती. निरोपाला लांब जायचे आहे असे समजून ती तो आधीच धाडत होती, आणि इथे चाळीसच मीटर असल्याने तो येऊन माझ्या बंद खिडकीवर डोके आपटत होता. इथला आकडा घालायचा राहून गेला होता.

शिंपीकाकांनी ऐकून घेतले. "म्हणजे माप एकाचं आणि सदरा दुसऱ्याला. आमच्या धंद्यात असं केलं तर गिऱ्हाईक सोडत नाही, मॅडम."

या वेळी मॅडम हसल्या. हसत हसतच त्यांनी जुना आकडा खोडला, नवा घातला आणि निळी पेटी पुन्हा सुरू केली. ती उठायला सात मिनिटे लागली. चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी माझी खिडकी उघडली आणि तिच्यातून एक निरोप अलगद आत आला. वेळेवर. मागोमाग दुसरा, तिसरा, शंभरावा. मी त्याआधीच्या सहा वर्षांत इतके भराभर कधी मोजले नव्हते, आणि मोजताना इतका आनंदही कधी झाला नव्हता. गल्लीत एकदम चारी बाजूंनी फोन टुणटुणू लागले. खारदादांनी मला उद्देशून दोन्ही हात डोक्यावर जोडले. "म्हाताऱ्या, शब्द मागे घेतो," ते म्हणाले.

मॅडमना साहेबांचा फोन आला, तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटे होती. "झालं का? कोणाची चूक होती?"

"झालं, साहेब. चूक माझी होती. माप न घेता शिवलं."

काकू तेव्हा खाली नव्हत्या. त्या जिना चढून गच्चीवर आल्या होत्या. दोरीला फोन अडकवला. फिरणारे चक्र एकदा फिरले आणि थांबले. काकूंनी हात लगेच उचलले नाहीत. आधी थांबल्या. मग पलीकडच्या डोळ्यांनी त्यांना पाहिले असावे, कारण त्यांची दोन बोटे डाव्या भुवईकडे गेली, आणि मग हात सुटले ते सुटलेच. सतरा नव्हे, एकोणीस दिवसांचे साचलेले बोलणे होते ते. मुलगी काय म्हणाली ते मला कळले नाही, ते कुलूपबंद होते. मध्येच काकूंनी हवेत चौकोन काढून त्यावर तळवा ठेवला आणि वर माझ्याकडे बोट दाखवले. तेवढे मात्र मला कळले.

आता निळ्या पेटीशी माझे पाचवे वर्ष चालू आहे. तिचे वळण वेगळे, माझे वेगळे, पण पुस्तक एक. मॅडमनी ऑफिसातल्या त्या आटोपशीर पानात तिसरा रकाना घालून घेतला. शिंपीकाकांनी परवानगी काढली आणि कपाटाच्या बाहेरच्या जाळीची जबाबदारी स्वतःकडे घेतली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते मऊ ब्रशने तूस झाडतात, आणि काकू शेजारी उभ्या राहून कुठे राहिली ते दाखवतात. ब्रश फक्त पाच मिनिटे चालतो. पहिल्या जोडीदारासाठी कोणी एवढी पाच मिनिटे काढली असती तर, असे कधीकधी मनात येते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, दुकानात एखादे यंत्र मुकाट काम करत असेल, तर ते बंद पडण्याची वाट पाहू नका. त्याची जाळी झाडा. ते जे मोजून ठेवते ते सगळे वाचा, सोयीचे तेवढेच नको. आणि दुसऱ्या घरचे कोणी तुमच्याशी बोलायला आले, तर दोघांना वाचता येईल असे पुस्तक समोर ठेवा.

काकूंची नात आता चार वर्षांची आहे. तिला ऐकू येते, तोंडाने बोलताही येते, पण आजीशी ती हातांनीच बोलते. सुट्टीत आली की गच्चीवर उभी राहते आणि मला काहीतरी सांगायचे म्हणून मान वर करते. मग हात पाठीमागे धरून थांबते. माझ्या अंगावर डोळे दिसत नाहीत, माझी नजर वळली हे तिला कसे कळणार, हा प्रश्न तिला पडत नाही. ती मनात काहीतरी मोजते, आणि तिला वाटले की आता मी पाहतो आहे, तेव्हाच हात उचलते.

दर वेळी अगदी वेळेवर.